१२७ दाते

धातू फिरवत ठेवून कापणाऱ्या जुन्या लेथ यंत्राबरोबर आलेली लाकडी पेटी परवा दुपारी पुन्हा उघडली आणि चहा निवून गेला तरी मी तिच्यापुढून उठलो नाही. यंत्रावर बसलेला भाग ओळखता येतो, कारण त्याचे शेजारी दिसत असतात. तोच सुटा होऊन पेटीत पडला आणि त्याच्यावर ग्रीस वाळून डांबरासारखे झाले, की भले भले कारागीरही त्याला नुसते ‘हे’ म्हणू लागतात.

चकचे, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या पकडीचे, उलटे जॉ (जबडे) लगेच कळले. रॉकेलच्या चिंधीने पुसताच त्यांच्यावर ठोकलेले १, २, ३ हे आकडे वर आले. बिडाच्या एका कमानीने मात्र मला वर्षभर फसवले होते. तिला दोनच बोटे आहेत, तेव्हा तिसरे हरवले असणार, असे धरून मी ते शोधत होतो. ती फिरती स्टेडी निघाली, म्हणजे लांब जॉब (कापायचा तुकडा) वाकू नये म्हणून टूलबरोबर (कापणाऱ्या हत्याराबरोबर) सरकणारा आधार. तिला दोनच बोटे असतात, कारण जॉबच्या उरलेल्या बाजूला टूल असते. हरवलेच नव्हते ते शोधण्यात गेलेल्या वेळाचा हिशेब मी घरात कोणाला दिलेला नाही.

पेटीच्या तळाशी गिअरची चाके होती. दाते मोजायचे तर पहिल्या दातावर खडूची खूण करावी, हे मी लहानपणी वडिलांकडून शिकलो, तेही खोटे बोलताना पकडला गेल्यावर. एका मोठ्या चाकाचे दाते मी दोनदा मोजले. एकदा १२६ भरले, एकदा १२८. बाकीची चाके पाचाच्या पटीतली होती, म्हणून मी बेधडक १२५ सांगून टाकले. वडिलांनी काही न बोलता खडू पुढे केला. खूण करून मोजले तेव्हा १२७ भरले. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. इंची लीडस्क्रूच्या (आटे पाडताना टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर मिलिमीटरचे आटे तंतोतंत काढायचे, तर या आकड्यावाचून सुटका नाही, आणि १२७ ला कशानेच भाग जात नसल्यामुळे लहान चाकावर भागवताही येत नाही. आजही गिअर हाती आला की मी आधी खडू शोधतो.

परवाही तसेच केले. एकेक चाक मोजून झाले, आणि शेवटी पितळेची एक जाड कडी उरली. तिचे भोक मध्यावर नाही, किंचित एका बाजूला सरकलेले आहे, आणि आतली झीज अर्ध्याच भागात आहे. म्हणजे ती कशावर तरी वर्षानुवर्षे दाब सोसत फिरली असणार. व्हर्निअरने भोक मापले, लेथवरचा एकेक दांडा मापला, कोठेच जुळेना. कदाचित ती या लेथची नसेलही. तेल लावून ती पेटीत सर्वांत वर ठेवली आहे.