फेस्टूनची ती २६ मिनिटं सापडली!

मंडळी, पत्ता लागला. गुरूवरची एक खूण, फेस्टून, वेळेच्या २६ मिनिटं आधी का आली ते कळलं. काल रात्री दीड वाजता गच्चीवर असा ओरडलो की आई खालून विचारते, काय पडलं रे?

गुरूवरच्या लाल ठिपक्याचं मागे लिहिलंच होतं, पाच फेऱ्यांवरून गुरूचा दिवस ९ तास ५६ मिनिटं आला होता. मग खात्री करायला दुसरी खूण घेतली, एनईबीच्या (विषुववृत्ताच्या उत्तरेचा गडद पट्टा) दक्षिण कडेला लोंबणारा तो निळसर फेस्टून, आणि तिथून जे डोकं खाऊन राहिलं होतं ते काल थांबलं. पाच फेऱ्यांनंतर भाऊ गुरूच्या मधोमध आला तो विनज्युपॉसच्या (अशा वेळा काढणारं सॉफ्टवेअर) वेळेपेक्षा २६ मिनिटं आधी. लॅपटॉपचं घड्याळ तपासलं तर दीड मिनिट पुढे निघालं, ते नीट केलं. प्रकाश पोचायच्या वेळेत या दोन दिवसांत फरक पडतो तो काही सेकंदांचा. आपण भलताच फेस्टून धरला असेल म्हणून जुने सगळे व्हिडिओ परत स्टॅक केले (फ्रेम एकावर एक रचून एक चित्र), तर तोच होता.

काल ठिपका आणि फेस्टून दोन्ही एकाच रात्री मिळाले. ठिपका वेळेवर, फेस्टून ६२ मिनिटं आधी! घड्याळ एकच, रात्र एकच, म्हणजे घड्याळाचा संबंधच नाही. आणि पाच फेऱ्यांना २६, बारा फेऱ्यांना ६२, म्हणजे दर फेरीला पाच मिनिटं दहा सेकंद वाढत चाललंय. सिस्टीम २ च्या, म्हणजे बाकीच्या पट्ट्यांच्या, ९ तास ५५ मिनिटं ४१ सेकंदांतून वजा करून पाहिलं, ९ तास ५० मिनिटं ३१ सेकंद. ही तर सिस्टीम १, विषुववृत्ताच्या पट्ट्याची फेरी! मी इतके दिवस विषुववृत्तावरची खूण सिस्टीम २ च्या कॉलममध्ये शोधत होतो. ट्रान्झिट (खूण मधोमध यायची वेळ) पकडण्यात दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतातच, पण बारा फेऱ्यांनी भागलं की ती चूक पार बारीक होते, म्हणून सांगतो, कमी फेऱ्यांवर कोणी निकाल काढू नका.

म्हणजे गुरूला एक असा दिवसच नाही. खाली घट्ट जमीन नाही, वायू आणि द्रवच, आणि विषुववृत्ताचा पट्टा बाकीच्यांपेक्षा ताशी सुमारे ४०० किलोमीटरने पुढे पळतो. कॅसिनीने १६६५ मध्ये ९ तास ५६ मिनिटं मोजली होती आणि १६९० मध्ये हा पट्ट्यांमधला फरकही त्याला दिसला होता. तोच फरक आपल्या ८ इंची दुर्बिणीत, धरमपेठेतल्या गच्चीवरून! आतला खरा दिवस चुंबकीय क्षेत्रावरून, रेडिओने मोजतात, तो ९:५५:३०.

याचं श्रेय लकडगंजच्या सुतारकाकांना. या सीझनला गुरू मिथुनेत आणि नागपूर २१ अंशावर, त्यामुळे तो जवळजवळ डोक्यावरच येतो. सीइंग (हवेची स्थिरता) मस्त, पण तिथे डॉब (हाताने ढकलायची दुर्बीण) ढकलता ढकलता गुरू कॅमेऱ्याच्या चिपच्या बाहेर. काकांनी केलेल्या, दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या सागवानी प्लॅटफॉर्मवर तो सलग पंधरा मिनिटं टिकतो. रेडीमेडच्या मागे लागूच नका. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) मात्र एका दुकानातून पोस्टाने मागवला तर आत बोटांचे ठसे, दोनदा फोन केले तरी बदलून दिला नाही.

भाचा विचारत होता, मामा, पण तो फिरतोच कशाला? ४६० कोटी वर्षांपूर्वीच्या ढगाला थोडीशी गिरकी होती, वायू आत ओढला गेला तशी ती वाढत गेली, आणि तिथे अडवायला काहीच नाही, म्हणून अजून फिरतोय. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला आणि दोरी बोटाला गुंडाळू दिली, दगड कसा पळतो ते बघून तो गप्पच झाला.

पुढे लघुग्रहाचा लाइटकर्व्ह (प्रकाश कमी-जास्त होण्याचा आलेख) करायचा होता, पण हे लिहिता लिहिता सुचलं की इतक्या वेगाने फिरतो तर तो मधे फुगलेलाही दिसायला हवा. कालचाच स्टॅक उघडून मोजला, रुंदी २१४ पिक्सेल, उंची २००! खरा आकडा १,४२,९८४ आणि १,३३,७०८ किलोमीटर, म्हणजे गुणोत्तर तेच. पण फ्रेम थोडी तिरकी होती, म्हणून आधी पट्टे आडवे करून दहा स्टॅक परत मोजतो. लघुग्रह नंतर. कोणाकडे जानेवारीतला गुरू असेल तर न फिरवलेला स्टॅक पाठवा, कॅमेरा आणि बार्लो कोणता तेही लिहा.