एमडी मेडिसिनचं थर्ड इयर

जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट असताना वाटायचं हे शिकणं आहे की नुसती सॅम्पल घेऊन लॅबला पळापळ, पावसाळ्यात तर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसच्या पेशंटनी वॉर्ड इतका भरायचा की दोन बेडच्या मधे खाली गादी टाकून सलाईन लावायचो. पण खरं शिकले तिथंच. एका रात्री सिनियरनी माइट्रल स्टेनोसिसच्या (हृदयाची झडप अरुंद झालेल्या) एका ताईंना डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोची बेल (छोट्या वाटीसारखी बाजू) अलगद टेकवली आणि म्हणाले, डोळे मिटून ऐक. तो खोल गडगडल्यासारखा मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, पहिल्यांदा ऐकू आला, अंगावर काटाच आला!

मग थीसिस, मग डीआरपीचे, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमचे ३ महिने जिल्हा रुग्णालयात. तिथं एमआरआय नव्हता, सगळी भिस्त हिस्टरी आणि हातानं तपासण्यावर, हे डीआरपी सगळ्यांना कंपल्सरी केलं ते फार चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे.

आता नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा, ४ पेपर आणि मग प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलमधल्या लाँग केससाठी (एका पेशंटची पूर्ण हिस्टरी आणि तपासणी करून मांडायची असते) रोज संध्याकाळी एका पेशंटजवळ निवांत बसते. कालच्या आजोबांनी तासभर गप्पा झाल्यावर हळूच सांगितलं, बीपीची गोळी महिन्यापूर्वीच बंद केलीय, केसपेपरवर हे कुठंच नव्हतं.