सर्दी-तापात घरी करायचे उपाय आणि त्यांची मापं

साधं पडसं सात ते दहा दिवसांत आपलं आपण जातं. काढ्याने ते लवकर जात नाही, अँटिबायोटिकनेही नाही. तोवर नाक मोकळं राहावं, घसा सुसह्य व्हावा, रात्री झोप लागावी, एवढ्यासाठीच घरचे उपाय. त्यात माप चुकलं, तर दुखण्यापेक्षा इलाज महागात पडतो.

सगळ्यात जास्त घोळ मुलांच्या पॅरासिटामॉलचा होतो. डोस ठरतो वजनावर, वयावर नाही : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम धरा. आता बाटली बघा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर सहा मिली, २५० वालं असेल तर तीन मिली, आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. औषध तेच, नावही बहुधा तेच, म्हणून 'मागच्या वेळी एक चमचा दिला होता' हे वाक्य धोक्याचं. ड्रॉप्स चमच्याने दिले तर तिप्पट औषध पोटात जातं. घरातला चमचा वापरूच नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज घ्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे.

मोठ्यांची चूक वेगळी. सर्दीच्या बहुतेक 'कॉम्बिनेशन' गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून ६५० ची गोळी घेतली की दुप्पट, आणि त्रास लिव्हरला. शिवाय पावसाळ्यात फ्लू आणि डेंग्यू एकाच वेळी फिरत असतात, त्यामुळे नाक वाहत नसताना नुसता सडकून ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यूची शंका धरून आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा. मुलांना तर अ‍ॅस्पिरिन कधीच नको. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी असते. चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

चोंदलेल्या नाकावर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं औषध म्हणजे मिठाचं पाणी. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात पाऊण छोटा चमचा सपाट मीठ विरघळवा. नुसतं पाणी नाकात झोंबतं, आणि न उकळलेलं नळाचं पाणी नाकात घालूच नये. तान्ह्याला तयार सलाइनचे (नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचे) दोन-दोन थेंब दूध पाजायच्या आधी. त्याच्या नाकात तेल मात्र सोडू नका. ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. मोठ्यांच्या नाक मोकळं करणाऱ्या ड्रॉप्सना (ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन) तीन-चार दिवसांची मर्यादा घाला, नाहीतर औषध उतरताच नाक आणखी चोंदतं.

वाफ मोठ्यांनी, पातेलं स्थिर टेबलावर ठेवून, पाच-सात मिनिटं. मुलांना नको, भाजल्याचे प्रकार यातच होतात. ओव्याची पुरचुंडी ठीक, पण त्यात कापूर नको. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बामही नको. खोकल्यावर झोपताना एक चमचा मध चांगला, पण वर्षाच्या आत मुळीच नाही. काढ्यात ज्येष्ठमध रोज गेलं तर रक्तदाब वाढतो, हे बीपीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

गरोदर बाई, पासष्टीपुढचे, दमेकरी, मधुमेही यांनी फ्लूची शंका येताच पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, कारण ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून आपल्याकडे ती मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

मुलाचा श्वास मोजायचा तर ते शांत असताना पूर्ण मिनिटभर : दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.