राऊटरमध्ये अडकलेला बिट आणि नटाची दुसरी कडक जागा

यंदा गणपतीसाठी आईला सागवानी चौरंग करून द्यायचा असं मे महिन्यातच ठरवलं होतं. तेव्हा चौकटीच्या खाचा मारून झाल्या, मग पाऊस सुरू झाला, ऑफिसची गडबड झाली आणि राऊटर (लाकडात खाचा पाडायचं, कडा गोल करायचं मशीन) तसाच बाल्कनीतल्या कपाटात राहिला, बिटासकट, म्हणजे त्यात बसवलेल्या कापायच्या हत्यारासकट. गेल्या रविवारी बरोबर चार वाजता (आमच्या सोसायटीत दोन ते चार आवाज करायचा नाही) कडा गोल करायला म्हणून तो बाहेर काढला आणि आधीचा सरळ बिट काही केल्या निघेना.

प्लग काढला, स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) अडवायचं बटण दाबून धरलं, पाना लावला. बिटाभोवतीचा नट सैल झाला, पुढे तर बोटांनी फिरायला लागला, म्हटलं झालं, आणि तेवढ्यात परत कडक. मला वाटलं आटे चढले किंवा आत भुसा अडकला, आता जोर केला तर आटेच जातील, म्हणून तिथेच थांबले आणि पक्कड घेऊन बिट ओढत बसले. ही चूक मला महागात पडली. बिटाच्या धारेला टंगस्टन कार्बाइडची पाती असतात, ती झिजत नाहीत पटकन पण ठिसूळ असतात, पकडीच्या दातात एक कोपरा उडाला. चांगला बिट होता, वाईट वाटलं खूप.

मग थांबले, चहा केला आणि डोकं शांत ठेवून विचार केला की आत नक्की आहे काय. कॉलेट म्हणजे उभ्या फटी पाडलेली स्टीलची छोटी नळी, बाहेरून निमुळती. स्पिंडलचं तोंडही आतून तसंच निमुळतं. नट आवळला की कॉलेट त्या तोंडात ढकलला जातो, फटी मिटतात आणि बिटाची दांडी चारी बाजूंनी आवळली जाते. म्हणजे बिटाला नट धरत नाही, कॉलेट धरतो, नट फक्त ढकलतो. आणि निमुळती वस्तू निमुळत्या भोकात दाबून बसली की नट सैल केला तरी ती आपणहून बाहेर यायची काही गरज नसते, तिथेच बसून राहते. मी ओढत होते तो बिट, अडकला होता कॉलेट!

दुसरी कडक जागा येते ती यामुळेच. बऱ्याच राऊटरमध्ये कॉलेट नटात खटकन बसवलेला असतो, नटाच्या आतली कड कॉलेटच्या खाचेत अडकते. पहिल्यांदा नट सुटतो तेव्हा फक्त दाब जातो. मग थोडा मोकळा फिरतो आणि मग ती कड कॉलेटला धरून बाहेर खेचायला लागते, म्हणून परत जड लागतं. तिथे पाना परत लावायचा आणि फिरवायचा, बिट आपल्याकडे तोंड करून असेल तर घड्याळाच्या उलट दिशेनेच. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बिट वाचला असता, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी परत पाना लावला. नुसत्या बटणाच्या भरवशावर एवढा जोर देऊ नये, आतली पिन वाकते, माझ्या मशीनला स्पिंडलवर दुसरा पाना लावायला सपाट जागा आहे म्हणून दोन पाने असे लावले की एका मुठीत दोन्ही दांडे जवळ दाबता येतील. टक्क आवाज आला, नट सुटला. तरी बिट हलेना, गंज लागला होता ना. मग दांडीच्या फटीत गंज सोडवायच्या स्प्रेचे दोन थेंब, अर्धा तास थांबले, आणि लाकडी मोगरीने दांडीवर, पात्यांवर नाही, हलकेच चारी बाजूंनी टकटक केलं. सरळ वरून ठोकायचं नाही, तो दणका थेट बेअरिंगला जातो आणि कॉलेटही आणखी आत बसतो. पाच-सहा टकटकीत बिट हातात आला.

ज्यांच्या ट्रिमरमध्ये (लहान राऊटरमध्ये) कॉलेट नटाला जोडलेला नसतो, सुटाच असतो, त्यांना ही दुसरी कडक जागा मिळणारच नाही. तिथे नट दोन-तीन आटे सैल ठेवून बाजूने हलकं ठोकणं हाच उपाय.

बाहेर काढल्यावर कॉलेटची अवस्था बघवत नव्हती. आत तपकिरी गंज, फटींमध्ये भुसा आणि सागाचं तेल मिळून झालेला काळा चिकटा. थिनर आणि जुन्या टूथब्रशने सगळं काढलं, स्प्रेचं तेलही पूर्ण पुसलं, कारण कॉलेट कोरडाच हवा, तेलकट राहिला तर चालू मशीनमध्ये बिट सरकतो आणि पंचवीस हजार आरपीएमला सरकलेला बिट म्हणजे चेष्टा नाही. साफ केल्यावर दिसलं की आत तोंडाशी गोल वळ पडलाय. मशीन मी सेकंडहँड घेतलं होतं, वळ बहुतेक आधीचाच असणार.

असा कॉलेट परत वापरायचा नसतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघून मस्जिद स्टेशनला उतरले आणि चालत नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात गेले, पावसात त्या गल्लीत हातगाड्या, ओझी आणि छत्र्या यातून वाट काढायची म्हणजे कसरत. दुकानदाराने पहिलं विचारलं, अर्धा इंच का बारा एमएम? अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, आणि १२ ची दांडी १२.७ च्या कॉलेटमध्ये घालून लोक पान्यावर लोंबकळून आवळतात, तोंडाशीच पकड बसते आणि मग असे वळ पडतात. लहान ट्रिमरमध्ये ६ आणि ६.३५ चा असाच घोळ होतो. व्हर्निअरने दांडी मोजली, जुना कॉलेट शेजारी ठेवून बघितला, मगच पैसे दिले.

आता बिट आत टेकेपर्यंत घालते आणि मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलून आवळते, नाहीतर कॉलेट आत सरकताना बिटाला तळाशी दाबतो आणि पकडही नीट बसत नाही. पात्याजवळची दांडीची गोलाई कॉलेटच्या बाहेर राहील हे बघते. बिट नसताना नट पान्याने आवळत नाही, रिकामा कॉलेट चेपला जातो. आणि काम संपलं की मशीन थंड झाल्यावर बिट काढून ठेवते, मुंबईच्या पावसाळ्यात तर रोजच्या रोज.

चौरंगाच्या तीन कडा झाल्यात, चौथी शनिवारी, चारनंतर.