डब्यावर मार्करने लिहिलेला आकडा

माझी शिफ्ट दुपारी तीनला सुरू होते आणि रात्री साडेअकराला संपते. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते. जेवायला अर्धा तास मिळतो, तोही इमर्जन्सीतून येणाऱ्या नमुन्यांची गर्दी ओसरली की. कधी सातला, कधी नऊला. आठवड्यातले तीन दिवस घरून चपाती-भाजी नेते, उरलेले दोन दिवस फ्रोझन डबा, म्हणजे दुकानातून आणलेलं गोठवलेलं तयार जेवण. हे मी लपवत नाही. मधुमेह असलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका हेच करतात आणि डॉक्टरांना मात्र ‘घरचंच खाते’ म्हणून सांगतात. मग औषधाचा डोस वाढतो आणि शुगर कशाने वाढली ते कुणालाच कळत नाही.

मला २०१९ मध्ये टाइप टू मधुमेह निघाला. सुरुवातीला मी खोक्याची पुढची बाजू बघून डबा घ्यायचे. हिरवा रंग, ब्रोकोलीचा फोटो, ‘लो फॅट’. एका रात्री भाज्या घातलेल्या नूडल्सची पिशवी गरम केली. मागे कार्बोहायड्रेट, म्हणजे कार्ब्ज, ३८ ग्रॅम लिहिलेलं वाचलं होतं. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एका जेवणाला ४५ ग्रॅमपर्यंत सांगितलं होतं, म्हणजे हिशेबात बसत होतं. दोन तासांनी बोट टोचून शुगर बघितली तर २४३. डॉक्टरांनी सांगितलेली हद्द १८०ची. ब्रेकरूमच्या कचऱ्यातून ती पिशवी काढून परत वाचली. आकड्यांचे दोन रकाने होते, डावीकडे एका सर्व्हिंगचा (म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वाढपाचा), उजवीकडे अख्ख्या पिशवीचा. पिशवीत अडीच सर्व्हिंग होत्या. माझ्या पोटात ९५ ग्रॅम गेले होते, दोन जेवणांपेक्षा जास्त.

तेव्हापासून माझी नजर आधी सर्व्हिंगवर जाते आणि मग ‘टोटल कार्बोहायड्रेट’च्या ठळक ओळीवर. तिच्याखाली फायबर, साखर आणि वरून घातलेली साखर अशा बारीक ओळी असतात. आपली माणसं नेमकी साखरेचीच ओळ शोधतात आणि ‘फक्त ४ ग्रॅम आहे’ म्हणून निश्चिंत होतात. भातातला, मैद्यातला, बटाट्यातला स्टार्च त्या ओळीत दिसत नाही, रक्तात मात्र त्याचीही साखरच होते. ‘ग्लूटेन फ्री’चंही तसंच, गहू नाही म्हणजे पीठच नाही असं नसतं. फ्लॉवरच्या बेसचा म्हणून आणलेल्या एका पिझ्झाच्या घटकांत फ्लॉवरच्या पाठोपाठ तांदळाचं पीठ, कॉर्नस्टार्च आणि टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो स्टार्च) ओळीने उभे होते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा इथे नियम आहे, त्यामुळे पहिली चार नावं वाचली की डब्यात खरोखर काय भरलंय ते समजतं.

माझा स्वतःचा हिशेब असा आहे. अख्ख्या डब्यात कार्ब्ज ४५ ग्रॅमच्या आत, फायबर निदान ५ ग्रॅम, प्रोटीन १५ ग्रॅमच्या वर. मिठातलं सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, कारण मला बीपीही आहे आणि दिवसाचं सगळं मिळून २३०० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. या चारही गोष्टी एका डब्यात क्वचितच जुळतात. मग मी कार्ब्ज आणि सोडियम धरून ठेवते, बाकीचं माझ्याकडून घालते.

एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतली फ्रीजरची रांग हा वेगळाच विषय आहे. तिथे उकडीचे मोदक आहेत, पुरणपोळी आहे, कोथिंबीर वडी आहे, आणि पराठे तर इतक्या प्रकारचे की दार उघडं ठेवून उभं राहिलं तर हात गारठतात. मी ते बघून खूश होते, खोटं कशाला बोलू. पण थरांचा पराठा बहुतेक वेळा मैद्याचा असतो आणि एका पराठ्यातच तीसएक ग्रॅम कार्ब्ज निघतात. दोन खाल्ले की भाजीला हात लावायच्या आधीच जेवणाचा हिशेब संपतो. मोदक मी गणेश चतुर्थीला आणते आणि त्या दिवशी भात सोडते.

भारतीय जेवणाच्या तयार डब्यांत मला छोले सगळ्यात मानवले. छोले-भाताच्या डब्यातला निम्मा भात मी काढून टाकते आणि शुगर १६०च्या आसपास थांबते. पनीरने मात्र मला फसवलं होतं. पनीर आणि नानचा डबा खाल्ला, दोन तासांनी १४८ आली, मला वाटलं झकास. मग मी दंडावर चिकटवून दोनेक आठवडे सतत शुगर मोजणारा सेन्सर लावून बघितला (२०२४ पासून इन्सुलिन न घेणाऱ्यांना तो इथे चिठ्ठीशिवाय मिळतो). तोच डबा पुन्हा खाल्ला तेव्हा चार तासांनी शुगर १९६वर होती. जेवणात तूप-लोणी, मलई जास्त असली की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर उशिरा चढते. बोट टोचायची वेळ दोन तासांची, साखर चढायची चार तासांची. मधल्या काळात मी घरी येऊन झोपलेली असायचे.

आता मी दुसरी एक पिशवी कायम ठेवते, साध्या फ्रोझन भाज्यांची, सॉस नसलेल्या. ब्रोकोली, फरसबी, पालक. शिजलेल्या कपभर ब्रोकोलीत ११ ग्रॅम कार्ब्ज, त्यातले ५ फायबर. मटार त्यात धरायचे नाहीत, कपभर मटारात २२-२३ ग्रॅम असतात, मक्याला तर मी धान्यातच मोजते. काचेच्या डब्यात तळाला भाजी, त्यावर तयार डबा उपडा करायचा, वरून लिंबू. एवढ्याने ताट भरल्यासारखं वाटतं आणि रात्री अकराला चिप्सच्या मशीनसमोर जाऊन उभं राहावं लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून सहा महिने राहायला आली. वय ७६, शुगर वीस वर्षांची. दुपारपासून ती घरात एकटी आणि इथली शेगडी तिला भीतीची वाटे, म्हणून मी तिच्यासाठी फ्रीजर भरून ठेवला. पहिल्या दिवशी तिने एक खोका उलटासुलटा करून पाहिला.

“अगं, हे कधी शिजवलंय?”

“असेल तीन-चार महिन्यांपूर्वी.”

“आणि तू हे खातेस? घरात मी असताना?”

मी तिला समजावलं की हे शिळं नव्हे, गोठवलेलं आहे. तिला ते पटलं नाही. पण तिची खरी अडचण वेगळी होती. खोक्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं तिला चष्म्यानेही लागत नव्हती. मग मी जाड काळा मार्कर घेतला आणि प्रत्येक डब्यावर कार्ब्जचा आकडा मराठीत लिहिला. ३४. ४१. ४४. नूडल्सच्या दोन डब्यांवर ‘अर्धाच’. तिला सांगितलं, आई, दुपारी भाकरी खाल्लीस तर रात्री तिशीतला डबा घे, नुसती भाजी-आमटी झाली असेल तर चाळिशीतला चालेल. तिला हा व्यवहार लगेच कळला. आयुष्यभर तिने वाण्याची वही तपासली होती.

दुसऱ्या आठवड्यापासून ती मला कामावर फोन करून सांगायला लागली, “आज एकेचाळीसचा खाल्ला, गं. शुगर एकशे बावन्न.”

डिसेंबरमध्ये ती परत गेली. जानेवारीत बर्फ पडलं, दुकानात जाता आलं नाही, म्हणून फ्रीजरच्या तळाशी हात घातला, तर छोले-भाताचा एक डबा निघाला. माझ्या अक्षरात ४४ होतं आणि त्याच्याखाली तिच्या अक्षरात, थरथरत्या रेघांनी, ‘भात निम्मा. लिंबू घे.’