मुंगसाची लढाई

वैशाखातल्या एका दुपारी आमच्या गावच्या पानठेल्यावर चारपाच जण एकाच मोबाइलवर वाकून उभे होते आणि खर्रा घोटणाऱ्या पोराचाही हात थांबला होता. मीही डोकावलो. पडद्यावर एक जेसीबी माती उकरत होता. नुसती माती, त्यातून ना मोहरांचा हंडा निघाला, ना कोणी खड्ड्यात पडले. ठेल्याच्या मागे मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, गाळ काढायला आलेला खराखुरा जेसीबी नेमके हेच काम करत होता, त्याच्या धडधडाटाने मोबाइलचा आवाजही नीट ऐकू येत नव्हता, आणि त्याच्याकडे मात्र सगळ्यांची पाठ होती.

मे २०१९ मध्ये देशभर हाच प्रकार गाजला होता. जेसीबीच्या खोदकामाचे साधे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिल्याचे कोणाच्या तरी ध्यानात आले, त्यावर विनोद सुरू झाले, आणि मग एवढे लोक काय पाहतात ते पाहायला आणखी लोक गेले. व्हिडिओत काही विशेष असावे लागते, ही आपली समजूत मुळातच भाबडी असावी. यूट्यूबवर २३ एप्रिल २००५ रोजी चढलेला अगदी पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा आहे. त्यात सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून जावेद करीम हा यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक तरुण सांगतो की यांच्या सोंडा फारच लांब असतात, आणि थोडक्यात आवरते घेतो. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात बसणाऱ्या कोणत्याही पोराला ही माहिती असते, तरीही कोट्यवधी लोकांनी ती ऐकून घेतली आहे.

या विषयातला माझा गुरू म्हणजे आमच्या आठवडी बाजारातला गारुडी. चिवड्या-भज्यांच्या दुकानांपलीकडे, बैलबाजाराच्या तोंडाशी तो बसायचा. पुढ्यात सापाची टोपली झाकलेली असे आणि शेजारी खुंटीला मुंगूस बांधलेले असे. दोघांची लढाई आता लावतो, असे तो दर थोड्या वेळाने जाहीर करी. मध्येच टोपलीचे झाकण बोटभर उचले, मुंगूस दोरीला हिसका देई, घोळका एक पाऊल पुढे सरके, आणि झाकण पुन्हा बसे. मग दातांच्या काळ्या पावडरीची पुडी निघे. आजोबा मिरच्या तोलून घेत असताना मी त्या रिंगणात उकिडवा बसून राही आणि ते दंडाला धरून उठवीत तेव्हा, नेमकी आपण निघाल्यावरच लढाई होणार, या विचाराने वाटभर मुसमुसत जाई. ती लढाई पाहिलेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला यूट्यूबने २०१२ मध्ये अधिक वजन द्यायला सुरुवात केली. गारुड्याने तो हिशेब फार आधी बसवला होता. त्याला आणखी एक गोष्ट कळत होती. सकाळी बाजार भरताना समोर सर्वांत आधी येऊन उभा राहणारा माणूस त्याच्याच बिऱ्हाडातला असे. पहिले दोघेतिघे उभे राहिले की पुढचे लोक सापासाठी थांबत नसत, त्या दोघातिघांसाठी थांबत.

ही गोष्ट नंतर शास्त्रानेही तपासली. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकायला दिली होती. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले होते आणि प्रत्येक गटाला आपल्यातल्या इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड करून घेतले तेही दिसे. एकच गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्यात चाळिसावे. फार चांगले गाणे सहसा अगदी तळाला गेले नाही आणि फार वाईट गाणे सहसा वर आले नाही, एवढाच काय तो गुणवत्तेला आधार. मधल्यांचे नशीब मात्र आधी कोण येऊन उभे राहिले त्यावर ठरले. हे वाचल्यापासून मला एक खोड लागली आहे. व्हिडिओ लावताना मी खालचा आकडा अंगठ्याने झाकून घेतो. घरचे हसतात, आणि अंगठा अनेकदा नको तिथे दाबला जाऊन भलतेच काही सुरू होते.

पुढे पाठवण्याचे गणित मात्र आणखी वेगळे आहे. बर्गर आणि मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या हजारो लेखांचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवले की विस्मय, संताप किंवा धास्ती वाटायला लावणारे लेख लोक अधिक पाठवतात, आणि दुःख वाटायला लावणारे कमी. संतापलेल्या माणसाला सोबत हवी असते; दुःखी माणूस फोन बाजूला ठेवतो. आमच्या भागात याचा अर्थ फार लवकर कळतो. कापणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला आणि बांधीत पडलेल्या धानाच्या कडपा भिजून त्यांना कोंब फुटले, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याचा पुतण्या मोबाइल घेऊन शेतावर गेला होता. काकांनी कॅमेऱ्यासमोर दोन ओंब्या धरल्या आणि हलक्या आवाजात किती एकर गेले ते सांगितले.

“काकाजी, असं नाही जी. जरा रागानं बोला ना.”

“राग कोनावर काढू, बाबू? पानी आला, धान भिजला.”

पुतण्याने मग पलीकडच्या बांधावरच्या दुसऱ्या एकाला गाठले. तो गडी चांगला कडाडला, ओंब्या जमिनीवर आपटल्या, आणि त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. पंचनाम्याला तलाठी मात्र दोन्ही बांधांवर एकाच दिवशी येऊन गेला.