भाटकाराचं जेवण

चवथीला घर माणसांनी भरलं की आरती आणि जेवणं यांच्या मधल्या वेळात कोणीतरी विचारतंच, "गो, तू तो बेडूक पाळला होतास ना, त्याला खायला काय घालायचीस?" पुण्याच्या नणंदेच्या सुरात 'शी' असते. पोरांना खरंच जाणून घ्यायचं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

पाळला, हे तितकंसं खरं नाही. फोंड्याच्या आमच्या घरामागे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. तिथला एक भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक, जुलैच्या एका रात्री आमच्याच लोखंडी गेटखाली सापडला आणि त्याचं मागचं एक पाऊल चिरडलं. गेट मीच ओढलं होतं. धडका पाय असता तर त्याला घरात आणायचं कारणच नव्हतं, रानातला जीव रानात बरा. पण उडी मारता येईना म्हणून काचेच्या जुन्या टाकीत माती आणि पाचोळा घालून सोप्यावर ठेवला, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिला. दिवसभर पोट टेकून बसायचा, हलायचा नाही, काम काही नाही. घरच्यांनी नाव ठेवलं भाटकार, म्हणजे आमच्याकडचा जमीनदार.

पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे शिताचं बोट धरलं. मग सुक्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा. तो ढिम्म. हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे, हे कळायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या रात्री टाकीत एक रातकिडा सोडला. भाटकाराने आधी मान नव्हे, सगळं अंगच तिकडे वळवलं. पुढे झुकला. धडक्या पायाचं एक बोट थरथरायला लागलं, बाकी अंग दगडासारखं. मग चट्‌ असा आवाज आला आणि किडा गायब. भेकाची जीभ तोंडात पुढच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ती उलटून बाहेर पडते. गिळताना मात्र तो डोळे गच्च मिटतो. मला वाटलं घास अडकला. तसं नाही, डोळ्यांचे गोळे आत दबतात आणि घास खाली ढकलायला मदत करतात. एवढा जेवणात रंगलेला प्राणी मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेला नाही.

मग रोज रात्री बॅटरी घेऊन गडग्याशी रातकिडे धरणं हे माझं काम झालं. मोठ्या भेकाला आठवड्यातून दोन-तीन जेवणं पुरतात, प्रत्येक वेळी चार-पाच किडे, आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. हे पुढे कळलं, तोवर मी त्याला रोज चारून गोल केला होता. ज्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) फवारणी होते तिथला किडा आणायचा नाही, स्प्रे खाल्लेलं झुरळ तर नाहीच. काजवेही नकोत, त्यांच्या अंगात विष असतं.

रातकिडे वर्षभर मिळेनात तेव्हा डब्यात पाळले. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून पिठातल्या अळ्याही आणल्या. खरी गडबड इथे झाली. बाहेरचा भेक मुंग्या, वाळवी, पैसा नावाचा बहुपायी किडा, गांडूळ, बारीक शंखाच्या गोगलगायी, कुंडीखालचे गोळा होणारे करडे किडे असं शंभर तऱ्हांचं खातो. पैशाच्या कवचात आणि गोगलगायीच्या शंखात चुनखडीचा अंश असतो. नुसत्या रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हवं असतं उलट: फॉस्फरस एक भाग धरला तर कॅल्शियम दीड ते दोन भाग. ते नसलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं आणि जबडा रबरासारखा मऊ पडतो.

शेजारच्या काकी पान लावता लावता म्हणाल्या, "मग किड्याला चुना फास की बोटभर!" खरंच कोणी करेल म्हणून सांगते, पानाचा चुना दाहक असतो, भेकाचं तोंड भाजेल. मी समुद्रफेण घेतलं. मिरामारला वाळूत पांढरं, होडीच्या आकाराचं सापडतं ते, माणकीच्या (माकुळाच्या) पाठीतलं. ते कॅल्शियम कार्बोनेटच. आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवून, रोज पाणी बदलून मीठ काढलं (बेडकाच्या कातडीला मीठ चालत नाही), वाळवलं, पाट्यावर वाटून वस्त्रगाळ केलं. पिशवीत चिमूटभर पूड, त्यात किडे, एकदा हलवायचं आणि लगेच टाकीत. उशीर झाला तर किडे अंग झाडून पूड पाडतात.

आणि किड्यांनाही जेवू घालायचं, भेकाला द्यायच्या आदल्या दिवशी. मी हौसेने तांबडी भाजी (लाल माठ) घातली. तिच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. मग शेवग्याचा पाला आणि गाजर.

फेब्रुवारीत भाटकार नेम चुकवायला लागला. झेप तीच, बोटाचं थरथरणं तेच, पण जीभ किड्यापर्यंत पोचायची आणि किडा चिकटायचाच नाही. तीन-तीनदा. मग तो तसाच बसून राहायचा, जणू त्याला जेवायचंच नव्हतं. पणजीला पक्षी-ससे तपासणारे जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय. अमेरिकेत वायोमिंगचा भेक जंगलातून संपला, उरलेले बंदिस्त वाढवले, त्यांच्यात हाच दोष दिसला. त्याला 'आखूड जीभ' असंच नाव पडलं. गाजरावर भिस्त ठेवून चालत नाही, तयार रेटिनॉल, म्हणजे तयार रूपातलं 'अ' जीवनसत्त्व, लागतं. त्यांनी ते असलेली पूड दिली, तिच्यात डी-३ पण होतं. पंधरा दिवसांतून एकदा, जास्त नाही, कारण ही दोन्ही जीवनसत्त्वं अंगात साठतात आणि साठली की विषच. इतर दिवशी समुद्रफेण. पिठातल्या अळ्या मी बंद केल्या, गांडुळं वाढवली. दीड महिन्याने पहिला रातकिडा पहिल्या झेपेत गेला. मी घरच्यांना उठवायला गेले होते, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

पाणी विचारतात, तेही सांगते. भेक पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीने शोषतो. मातीच्या ताटलीत विहिरीचं पाणी, रोज बदललेलं, त्यात तो जाऊन बसायचा. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं.

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला त्या संध्याकाळी टाकी गडग्याशी नेऊन आडवी केली. पाऊल वाकडंच राहिलं होतं, पण उडी बसत होती. तो लगेच गेला नाही. अर्ध्या तासाने सोप्याच्या दिव्याभोवती पंखांच्या वाळव्या उठल्या, पायरीवर पडू लागल्या, आणि भाटकार लंगडत पायरीपाशी आला. मी सदतीसपर्यंत मोजल्या. मग वीज गेली.